मोडीचा भाव

मराठीत 'मोडीत काढणे' असा एक झकास वाक्प्रचार आहे. वस्तू मोडणं निराळं आणि मोडीत निघणं निराळं. मोडते ती वस्तू. मोडीत काढतो तो माणूस. आमच्या घरात एक खुर्ची गेली चौदा वर्षं तीन पाय आणि भिंत यांच्या आधारावर उभी आहे. ती मोडलेली आहे, पण मोडीत निघालेली नाही, कारण ती सासूबाईंनी दिलेली आहे. उलट आमचा टू-इन-वन चांगला खणखणीत वाजत होता. तो एका रविवारी सकाळी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढला, कारण मुलीच्या मैत्रिणी घरी येणार होत्या. पाठीमागे मोडी लिपीचं तेच झालं. एका अक्षराचाही पाय मोडलेला नसताना अख्खी लिपी मोडीत निघाली, आणि आता गावोगावचे लोक आजोबांचं खरेदीखत हातात धरून ते वाचणारा माणूस शोधत हिंडतात.

तेव्हा भंगार हा वस्तूचा गुण नव्हे. वस्तूबद्दल कुणीतरी घेतलेला तो निर्णय असतो. आणि निर्णय म्हटला की तो घ्यायचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न आलाच.

वास्तविक हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांचा. मी पडलो बी.कॉम. पण बी.कॉम.ला अगदीच तत्त्वज्ञान नसतं असं समजू नका. आम्हाला घसारा शिकवतात. घसारा म्हणजे काय, तर यंत्र आज घेतलं की उद्यापासून त्याची किंमत कमी होऊ लागते. त्यानं काम केलं तरी होते आणि न केलं तरी होते. (आमच्या शाखेत हे तत्त्व माणसांनाही लागू आहे, पण ते असो.) यातल्या घटत्या शेषाच्या पद्धतीत तर मोठी गंमत आहे. शंभराचे दहा टक्के गेले, नव्वद राहिले. नव्वदाचे दहा टक्के गेले, एक्याऐंशी राहिले. असं करत प्रलयकाळापर्यंत गेलात तरी शून्य म्हणून येत नाही. काहीतरी उरतंच. आत्मा अमर आहे हे गीतेत सांगितलंय म्हणतात. आम्हाला ते हिशेबाच्या पेपरात दहा मार्कांना होतं.

बँकेत या अमर आत्म्यांची नोंद एका जाडजूड वहीत असते. तिचं नाव डेड स्टॉक रजिस्टर. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत एक तिजोरी होती. पुस्तकी किंमत एक रुपया. ती हलवायला सहा हमाल आले, तिघांनी कंबर धरली, शेवटी हायड्रा क्रेन मागवावी लागली आणि तिचं भाडं एक रुपयाच्या मालमत्तेवर खर्ची पडलं. त्या खर्चाला मंजुरी मागणारं पत्र मीच लिहिलं होतं. वरून उत्तर आलं, 'मालमत्तेच्या किमतीपेक्षा वाहतूक खर्च जास्त कसा, याचा खुलासा करावा.'

त्याच सुमारास, म्हणजे २०००-०१ साली, सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती आली. आमचे हेड कॅशियर गेले. नोटांच्या बंडलावरून नुसता अंगठा फिरवून ते खोटी नोट बाजूला काढायचे. बोलणं चालू, तपकीर चालू आणि मधेच एक नोट बाहेर. पुढे त्यांच्या जागी दिवे लावलेलं एक यंत्र आलं. यंत्र चांगलं आहे, माझी तक्रार नाही. पण ते खोटी नोट नुसती परत फेकतं. आमचे हेड कॅशियर ती नोट परत देताना समोरच्या म्हातारीला 'आजी, ही कुणी दिली? बाजारात का?' असं विचारायचे आणि तिचा चेहरा बघून पुढचं बोलायचे. त्या कामाला कुठल्या पद्धतीनं घसारा लावायचा, हे आमच्या पुस्तकात नव्हतं.

माझं गाव सातारा जिल्ह्यातलं, कोरेगाव तालुक्यात, नोकरी सांगलीत. तसं पाहिलं तर मी जिल्हा सोडलेलाच नाही, कारण सांगली जिल्हा १९६० सालापर्यंत दक्षिण सातारा याच नावानं ओळखला जायचा. तर सांगलीत एकदा मला कर्जखात्यात बसवलं आणि कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका भंगार व्यापाऱ्याचा माल तपासायला धाडलं. बँकेकडे माल नजरगहाण असतो. म्हणजे माल त्याचा, त्याच्याच आवारात. आपण जाऊन फक्त नजर टाकायची. शब्द कुणी बनवला त्याला नमस्कार. फॉर्मवर रकाने होते : मालाचे वर्णन, नग, दर, एकूण किंमत. आणि समोर दुमजली घराएवढा ढीग.

"नग किती लिहू?" मी विचारलं.

"एक लिहा," मालक म्हणाले. "एकच ढीग आहे."

त्या आवारात मी दुपारभर होतो, आणि खरं सांगायचं तर इतकी चांगली दुपार बँकेनं मला परत दिली नाही. एका बाजूला पोकलेन. पण तिच्या पुढं बादलीऐवजी पाच नखांचा पंजा. तो ढिगात शिरायचा, मूठ आवळायचा, आणि वर येताना त्या मुठीत सायकलींचे सांगाडे, पत्र्याचे डबे, ट्रॅक्टरचं मडगार्ड असं सगळं लोंबायचं. दुसरीकडे सुसरीच्या जबड्यासारखी हायड्रॉलिक कात्री. मनगटाएवढी सळई ती भेंडीसारखी कापत होती. पलीकडे पत्रा दाबून गठ्ठे करायचं प्रेस. त्यात पत्र्याची दोन कपाटं गेली आणि बाहेर आला तो नीटस चौकोनी ठोकळा, दिवाळीतल्या वडीसारखा. भट्टीत सुटा पत्रा टाकला तर जागा खातो आणि जळून फुकट जातो. म्हणून आधी वड्या.

पण सगळ्यात थोर होता तो चुंबक. क्रेनच्या दोरीला टांगलेली, बैलगाडीच्या चाकाएवढी लोखंडी तबकडी. आत तारेची वेटोळी. बटण दाबलं की वीज खेळते आणि तबकडी चुंबक होते. ढिगावर उतरली की मण-दोन मण लोखंड तिला आपणहून बिलगतं. बटण सोडलं की प्रेम खलास, सगळं धाडकन खाली. असं चुंबकत्व मी काही माणसांत पाहिलं आहे, पण त्यांना बटण नव्हतं. हा चुंबक जगाला एकच प्रश्न विचारतो : तू लोखंड आहेस का? असलास तर ये. तांब्याची पिंपं, पितळी समया, ॲल्युमिनियमची पातेली यांना तो ओळखही दाखवत नाही. मोठमोठ्या घरांतली तांब्यापितळेची भांडी तिथं खाली मातीत पडून राहतात आणि गंजका खिळा वर उचलला जातो.

चुंबकाचं काम झालं की माणसाचं सुरू होतं. कारण लोखंडातही जाती. बीड वेगळं, पोलाद वेगळं, पत्रा वेगळा, लेथवरचा चुरा वेगळा; भट्टीवाल्याला घाण माल चालत नाही. हे वेगळं करायला तिथं एक साठीच्या पुढचे मिस्त्री बसले होते. घासायच्या चाकाला तुकडा लावायचा आणि ठिणगी बघायची. बिडाची ठिणगी आखूड, लालसर, लगेच विझणारी. चांगल्या कडक पोलादाची फुलबाजीसारखी फुटणारी. चुंबकानं टाकलेल्या ढिगातून त्यांनी रुळाचा एक हातभर तुकडा ओढला, उलटासुलटा केला आणि म्हणाले, "ही शाळेची घंटा हाय."

मी म्हटलं, "कशावरून?"

त्यांनी बोट ठेवलं. तुकड्याला वर भोक होतं, आणि मधोमध एक जागा ठोकून ठोकून गुळगुळीत, चकचकीत झालेली. मिस्त्रींनी तो तारेला टांगला आणि हातोडीचा एक टोला हाणला. आवारातल्या सगळ्या माणसांनी माना वर केल्या. कात्रीवाल्यानं तर बटण बंद केलं, त्याला वाटलं जेवणाची सुट्टी झाली.

मालक म्हणाले, "वाजते झकास. भाव तोच." पण घंटा त्यांनी ठेवून घेतली. ती आता तिथं खरंच जेवणाच्या सुट्टीला वाजते.

मुद्दा असा, की ज्या शाळेनं तो रूळ विकला तिथंही एक डेड स्टॉक रजिस्टर असणार, त्यात 'लोखंडी तुकडा, नग १' अशी नोंद असणार आणि ती खोडणाऱ्यानं तो कधी वाजवून बघितलेला नसणार. मोडीत काढणारा एक आणि ओळखणारा दुसरा. आणि दोघांची गाठ बहुधा पडत नाही. शाळेच्या घंटेपुरतं हे हसण्यावारी नेता येईल. पण दिल्लीत २०१० साली काय झालं ते आठवा. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एक जुनं संशोधनाचं यंत्र कित्येक वर्षं वापराविना पडून होतं. ते लिलावात विकलं. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते तोडलं. त्याच्या पोटात कोबाल्ट-६० होतं, किरणं सोडणारं. माणसं भाजली, आजारी पडली, त्यांतला एकजण गेला. ज्यांना त्या यंत्राच्या पोटात काय आहे हे ठाऊक होतं, ते केव्हाच दुसरीकडे गेले असतील किंवा निवृत्त झाले असतील. वहीत तो डेड स्टॉक होता. जिवंत निघाला.

म्हणजे मग काहीच विकू नये? तसंही नाही. आमच्या शाखेत एक गडकोटप्रेमी आहेत. रविवारी गड चढतात आणि सोमवारी काउंटरवर लंगडतात. त्यांच्या मते जुनं ते सगळं राखलं पाहिजे. मुलूखमैदान तोफेचं उदाहरण ते नेहमी देतात, आणि ते आहेही तसंच. विजापूर सांगलीहून फार लांब नाही. बऱ्याच जणांनी ती बुरुजावर पाहिली असेल. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, सुमारे पंचावन्न टनांची. १८५४ साली इंग्रजी अमलात ती लिलावात निघाली आणि दीडशे रुपयांना विकली गेली. मी कारकून असल्यामुळे तिथल्या तिथं भागाकार केला : रुपयाला साडेतीनशे किलोंच्या वर. सुदैवानं ती विक्री पुढे रद्द झाली आणि तोफ राहिली. नाहीतर आज सभेत आरडाओरडा करणाऱ्या वक्त्याला मुलूखमैदानी तोफ म्हणायची सोय उरली नसती. गंमत म्हणजे ही तोफ काशाच्या जातीच्या धातूची. कुपवाडच्या चुंबकानं तिच्याकडे ढुंकून पाहिलं नसतं.

यावर मी त्यांना किर्लोस्करवाडीची गोष्ट सांगतो. सांगलीहून पुण्याकडे निघालं की वाटेत ते स्टेशन लागतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर आधी बेळगावात केला, १९०३ साली. पण लोखंडानं जमीन नासते, या समजुतीनं शेतकरी त्याला हात लावीनात. पुढे औंधच्या संस्थानिकांनी कुंडलच्या माळावर जागा दिली, १९१० साली वाडी वसली, नांगर खपू लागला. आणि शेतकरी नांगर मागायला लागले तेव्हा नेमकं पहिलं महायुद्ध आलं. बाहेरचं लोखंड येईना. भट्टी चालवायची कशावर? तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावर पडून असलेल्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवल्या आणि त्यांचे नांगर झाले.

गडकोटप्रेमी इथं गप्प होतात, पण खूश होत नाहीत. "एखादी तरी ठेवायची होती," म्हणतात. मलाही तसं वाटतं कधी कधी. पण मला त्या गोष्टीतला फरक निराळा दिसतो. दीडशे रुपयांच्या लिलावात विकणाऱ्याला ती तोफ म्हणजे जागा अडवणारा धातू होता; पुढे तिचं काय होणार याची चौकशी कुणी केली असेल असं वाटत नाही. महाराजांच्या घराण्याची ती हत्यारं होती. ती काय होती हे त्यांना ठाऊक होतं आणि ती काय होणार हेही ठाऊक होतं. 'विक्रान्त'चं झालं ते या दोहोंच्या मधलं काहीतरी. १९७१ च्या युद्धातली ती विमानवाहू नौका १९९७ साली निवृत्त झाली, बरीच वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली, आणि परवडत नाही म्हणून २०१४ साली लिलावात गेली. दारूखान्यात तिचे तुकडे झाले. त्यातलं थोडं पोलाद घालून २०१६ साली एक मोटारसायकल बाजारात आली. आमच्या कॉलनीतल्या एका मुलानं ती घेतली आणि महिनाभर तो आम्हाला टाकीवर टिचक्या मारायला लावत होता. मीही मारली. मोटारसायकलीच्या टाकीसारखाच आवाज आला. पण मारताना चप्पल काढावी की काय, असं क्षणभर वाटून गेलं.

हे सगळं लांबलांबचं झालं. घरातलं लोखंड मोडीत काढायची वेळ येते तेव्हा खरी परीक्षा. आमच्या मळ्यात विहिरीवर कूपरचं इंजिन होतं. सातारारोडला धनजीशा कूपर यांनी कारखाना काढला, तिथलं. आमच्या भागात बैलाला जसं खिलारी तसं इंजिनाला कूपर. आजोबांनी ते १९६३ साली घेतलं. दोन भलीमोठी चाकं, हँडल मारताना छातीचा भाता व्हायचा, आणि एकदा लागलं की पुक-पुक-पुक असा आवाज तिसऱ्या शिवारात ऐकू जायचा. आवाजावरून आई घरात भाकरी टाकायची; बंद पडला की आप्पा निघाले. वीज आली, पाण्यातली मोटार आली, इंजिन छपरात गेलं ते पंचवीस वर्षं तिथंच. वर कडबा, आत मांजरीची बाळंतपणं.

दादाला छपराची जागा हवी होती. त्यानं मला फोन केला, "तू बँकेत आहेस, भाव काढ." मी भाव काढला, किलोला तेहेतीस. मग म्हटलं, "दादा, आधी आप्पांना विचार." तो म्हणाला, "नको. त्यांना लागेल." शेवटी मी गावी गेलो, आणि दोघं मिळून, देवळात नवस बोलायला जावं तसे आप्पांसमोर बसलो. आप्पा आता ऐंशीच्या पुढं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ठिवून काय पुजायचं हाय?" ते म्हणाले. "तीन वरसं झाली वाट बघतोय, कवा इचारताय त्याची."

मग चौकशी झाली. घेणारा कोण, नेणार कुठं, भट्टीत घालून त्याचं करणार काय. कोल्हापूरकडच्या फौंड्रीत जाईल, ट्रॅक्टरचे भाग ओततील, असं व्यापाऱ्यानं सांगितलं. आप्पांनी ट्रॅक्टर मान्य केला. आदल्या संध्याकाळी बघतो तो आप्पा छपरात. चिंध्या आणि रॉकेल घेऊन इंजिन पुसतायत, तेलाची बुधली शेजारी. दादा म्हणाला, "आप्पा, उद्या फोडणार ते."

"म्हणून काय बिनआंगुळीचं धाडायचं?"

सकाळी टेम्पो आला. साखळीनं इंजिन चढवलं आणि त्याच्या मागोमाग आप्पा चढले. काट्यावर भरवसा नाही, स्वतः बघणार. इंजिनाच्या चाकाला हात धरून ते सातारारोडच्या रस्त्यावरून उभ्या उभ्या गेले; रामनवमीच्या पालखीतही मी त्यांना इतकं ताठ पाहिलेलं नाही. मी दादाच्या गाडीवर मागून. वजनकाट्यावर टेम्पो लागला. काटेवाला खिडकीतून ओरडला, "आजोबा, खाली उतरा. तुमचं वजन धरलं जातंय!"

"धर की," आप्पा म्हणाले. "आमी दोघं एकाच साली कामाला लागलोय."

व्यापारी हसला, दादा हसला. मी आप्पांना हात देऊन उतरवून घेतलं. काट्यावरचा आकडा बावन्न किलोंनी खाली आला. मी कारकून माणूस. बावन्न गुणिले तेहेतीस हा गुणाकार मी केला नाही, तो झाला. आकडा इथं लिहीत नाही.

पावती झाली. व्यापारी म्हणाला, "साहेब बँकेतले आहेत, चेकच देतो."

"रोख द्या," आप्पा म्हणाले. "आमचा पोरगा बँकेत हाय. मला म्हाईत हाय."